चतुराबाईंची जागा

"समिती फुल हाय, ताई." बद्रीनाथनं अर्ज न वाचताच परत सरकवला. "सातच्या सात जागा भरल्यात."

रेणुकावाडीच्या सरकारी दवाखान्यात रुग्णांच्या सोयी बघणाऱ्या समितीचं दप्तर तो सांभाळायचा. सुगंधाबाईंनी अर्ज पुन्हा त्याच्यापुढं ठेवला. अर्ज साळूबाईंचा होता. दौलताबादकडच्या त्या मेंढरं राखणाऱ्या बाई नव्या कोऱ्या चपला काढून बाकावर मांडी घालून बसल्या होत्या.

या एका अर्जासाठी सुगंधाबाई तीन महिने हिंडल्या होत्या. वॉर्डात जमिनीवर झोपलेलं आणि साहेबांपुढं तोंड उघडणारं एक तरी माणूस त्यांना समितीवर हवं होतं. गारखेड्यातल्या निवृत्त गुरुजींना नेमके गुडघे आठवले. चितेगावच्या नानासाहेबांनी चहा पाजला आणि "सरकारी माणसाशी वैर कशाला?" म्हणत दारापर्यंत पोचवलं. साळूबाईंनी मात्र एकच विचारलं होतं, "तिथं बोलू देत्यात का?"

"बोलायलाच बसायचं."

"मंग येते. नातवाला घिऊन आठ दिवस व्हरांड्यात काढले, तवाचं लई साठलंय."

बद्रीनाथनं साळूबाईंकडं नजर टाकली. "लिहिता-वाचता येतं का आजींना?"

"बाटल्या मोजता येत्यात," साळूबाई म्हणाल्या. "सलाइनच्या पाच बाहेरून आणाया लावल्या. पोराला दोनच चढल्या. तीन कुठं गेल्या, ते तू वाचून सांग."

पलीकडच्या टेबलावरचा कारकून खोकला. बद्रीनाथ हसला. "आजी, माझ्यावर कशाला चिडता? बायांची जागा एकच. तिथं चतुराबाई हायेत. तुमच्यासारख्याच खेड्यातल्या, साध्या."

"येतात त्या बैठकीला?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"एक चुकवत नाहीत." त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. दर महिन्याला, एकाच अक्षरात, एकाच निळ्या शाईत: चतुराबाई, हजर. "गेल्या सोमवारीच बसल्या होत्या, तुम्ही बसलात तिथंच."

सुगंधाबाईंचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला. "कशा आहेत?"

"एकदम मजेत. दोनदा चहा घेतला."

"काही बोलल्या?"

"बोलल्या ना! वॉर्ड स्वच्छ हाय म्हणाल्या. सिस्टर लोक जीव लावत्यात म्हणाल्या."

"आणखी?"

एवढं कान देऊन ऐकणारं माणूस त्याला दिवसभरात भेटलं नव्हतं. तो खुलला. "मग काय, घरचंच बोलत बसल्या. लेकीचं लई कौतुक त्यांना."

"ताई, उठा," साळूबाई चपला शोधू लागल्या. "त्या चतुराबाईला समदं ग्वाड लागतंय. आपली डाळ नाय शिजायची हितं."

"थांबा जरा," सुगंधाबाई म्हणाल्या. मग बद्रीनाथकडं वळल्या. "मला एवढं लिहून द्या. बायकांची जागा भरलेली आहे आणि चतुराबाई सोमवारच्या बैठकीला हजर होत्या. खाली शिक्का मारा."

"कशाला ते?"

"यांना गावात दाखवायला. नाहीतर पुढच्या सोमवारी मी यांना घेऊन पुन्हा येईन."

साळूबाई पुन्हा मांडी घालून बसल्या. त्यांच्याकडं बघत बद्रीनाथनं झटक्यात चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का उमटवला. बला टळल्यासारखा कागद पुढं केला.

सुगंधाबाईंनी तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग अर्ज तिसऱ्यांदा त्याच्यापुढं सरकवला.

"आता हा घ्या. जागा रिकामी आहे."

"अहो ताई, आत्ताच तर..."

"चतुराबाई माझी आई. तुमच्याच वरच्या वॉर्डात गेली. शनिवारी तिचं वर्षश्राद्ध आहे, जेवायला या."