बिदाई आधी, हळद शेवटी

आबा लेक भाविकाला घेऊन साक्रीतल्या माझ्या स्टुडिओत आले. गेल्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. "नवल, तुनी लिंक उघाडी की बिदाई पहिले दिखस, हळद शेवटले. वकीलले धाडनं शे, सरळ करी दे." लिंकसाठी रोज कुणीतरी डोकं खातं, म्हणून मी वैतागूनच सांगितलं, "फोल्डर नव्या फोटोपासून उघडतंय, आबा. क्रम बदलला की झालं." वकील हा शब्द नंतर डोक्यात शिरला. मग आबांच्या मोबाइलवर क्रम बदलून दिला. भाविका स्वतःच्या मोबाइलवर तेच फोटो सरकवत होती. "ताई, तुमच्यातही बदलून देऊ?" "नको, भाऊ. असं पाहिलं की मी सासरच्या गाडीतून उतरते, हळद निघते, मेंदी निघते." शेवटच्या फोटोवर बोट थांबलं. तो मी उजेड तपासायला काढलेला. "आणि इथं मी मांडववाल्यांना चहा देते."