फिरतं टेबल

काचेचं गोल टेबल फिरत होतं आणि सुचित्राबाई नेहमीप्रमाणे ते पुढे ढकलत होत्या. भात समोर आला, ढकलला. कोबी आला, ढकलला. चीनमध्ये वाढपी नसतो, टेबलच फिरवतात, हे कळल्यापासून वाढपाचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सगळ्यांच्या ताटात पडलं की उरलंसुरलं चमचाभर त्यांच्या ताटात.

"सुचित्राताई, एकदा तरी आधी तुम्ही घ्या हो," सहलीतल्या गिरगावच्या मृणालिनीताई म्हणाल्या.

"घेते की. मला काय, काहीही चालतं."

शेजारी बसलेल्या रामदासांना, त्यांच्या नवऱ्याला, हेच वाक्य खुपायचं. काहीही चालणारी बाई नव्हती ही. लालबागच्या अख्ख्या चाळीत तिच्या जिभेचा धाक होता. लग्नाच्या पंगतीत ही बसली की आचारी आपणहून बाहेर येऊन उभा राहायचा. मग आजारपण आलं. परळच्या हॉस्पिटलातल्या औषधांनी आजार गेला, केस गेले आणि चवही गेली. केस परत आले. चव काही आली नाही. घरचा स्वयंपाक आता रामदास करत. एकदा ते डाळीत मीठ घालायलाच विसरले. तिने मुकाट्याने जेवून वर सांगितलं, "बरी झालीय." रामदास मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून रडले होते.

मुलाने दोघांना या सहलीला धाडलं, तेवढाच हवापालट म्हणून. निळी तळी झाली, बर्फाचे डोंगर झाले, तिबेटी मठ झाले. सुचित्राबाई बघून बघून हरखत होत्या. रामदास मात्र डोंगर कमी आणि बायकोचं ताट जास्त बघत होते.

आजचं जेवण डोंगरातल्या एका छोट्या गावात, घरगुती खाणावळीत होतं. अंगणात सुपांवर कसलीशी लाल फळं वाळत घातली होती. काळा रुमाल डोक्याला बांधलेली म्हातारी मालकीण स्वतः माशाचं भलंमोठं भांडं घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि दारापाशी उभी राहिली.

पहिला घास मृणालिनीताईंनी घेतला आणि त्या किंचाळल्या.

"अगंबाई! माझी जीभच गेली! मुंग्या आल्या हो तोंडात!"

"अरे सॉरी, सॉरी!" टूर मॅनेजर नम्रता पाणी घेऊन धावली. "इथली मिरी आहे ती, काकू. लोकल मसाला. जीभ थोडी सुन्न होते, बाकी काही नाही."

बाकी काही नसलं तरी टेबलावरच्या कुणाची छाती झाली नाही. भांडं हात न लागता गोल फिरलं आणि सुचित्राबाईंसमोर आलं. एवढा मासा वाया जाणार, या एकाच विचाराने त्यांनी चमचाभर घेतला.

आणि त्या थांबल्या.

पलीकडच्या कुणीतरी भातासाठी टेबल ओढलं. ते हललं नाही. सुचित्राबाईंनी काचेवर बोट दाबून धरलं होतं.

"काय झाला गो?" रामदास घाबरले. "तिखट लागला?"

सुचित्राबाईंनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. रश्श्यातलं एक लाल फळ बोटाने बाहेर काढलं, चिरडलं, नाकाशी धरलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "तिरफळ."

"खंय?"

"ह्या काय. बांगड्याच्या तिखल्यात घालतंय मा मी, तेचाच भावंड आसतला." मग जरा थांबून, हळू आवाजात, "माका लागला. जिभेक लागला."

भातासाठी थांबलेला माणूस चमचा हातात धरून वाट बघत होता. रामदासांना काहीतरी विचारायचं होतं, पण भीती वाटत होती. उगाच बोललो आणि दृष्ट लागली तर? शेवटी राहवेना.

"कसा लागता?"

सुचित्राबाईंनी घास तोंडात घोळवला. डोळे बारीक केले, एक भुवई वर गेली. लालबागचे आचारी ज्या भुवईला घाबरत, तीच. रामदासांना ती किती तरी दिवसांनी दिसत होती.

"बरा आसा," त्या म्हणाल्या. "पण मीठ वायच कमी."

रामदास हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "मीठ कमी आहे," बारशाचे पेढे वाटावेत तसं त्यांनी अख्ख्या टेबलाला सांगितलं. "ऐकलंत का? मीठ कमी आहे म्हणते!"

नम्रता गडबडली. दारातली म्हातारीही काळजीने पुढे आली होती. नम्रताने भाषांतरासाठी मोबाइल काढला.

"काका, काय सांगू यांना? मीठ कमी आहे, असंच सांगू?"

"असंच सांग," रामदास उठून उभे राहिले. त्यांनी म्हातारीसमोर दोन्ही हात जोडले. "फक्त म्हणावं, हात जोडून सांगतोय."