निळी डाव्याला, पांढरी उजव्याला

"साठच्या साठ हात बरे झालेत," संशोधक बाईंनी कागद टेबलावर आपटले. "हाच तर घोळ आहे."

धुलाईखान्यातल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. हात बरे झाले, यात चिडण्यासारखं काय ते कुणालाच उमगेना.

बाईंची आई याच हौदांवर राबून गेली. गरम पाणी, सोडा, पुन्हा गरम पाणी. हात उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे तडकायचे आणि घरी आल्यावर आई त्यांवर कोरफडीचा गर थापायची. त्या गराला शास्त्राचा शिक्का मिळावा म्हणून लेकीनं तीन वर्षं घासली होती. विभागात तिला सगळे 'आजीबाईचा बटवा' म्हणत. आज पाच वाजता विभागप्रमुख सर हा विषय कायमचा बंद करणार होते.

प्रयोग सोपा होता. तीस बायका, प्रत्येकीला दोन ट्यूब. निळीत कोरफड, पांढरीत नुसतं साधं मलम. कशात काय, ते बायकांना ठाऊक नव्हतं. निळी डाव्या हाताला, पांढरी उजव्याला, सकाळ-संध्याकाळ चोळून. डावा बरा व्हायला हवा होता, उजवा मागे राहायला. दोन्ही सारखेच बरे झाले, म्हणजे कोरफडीचा गुण शून्य.

"ट्यूबांची अदलाबदल झाली का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"रागावलाच आहात की," इस्त्रीवाली म्हणाली. "माझ्या तर तांदळाच्या डब्यात होत्या. नवऱ्यालासुद्धा पत्ता नाही."

"मग उजव्याची दया आली असेल. निळीतलं थोडं त्यालाही?"

"नाही हो," थोरल्या मावशी म्हणाल्या. "तुमची आई माझ्या शेजारच्या हौदावर होती. तिच्या लेकीचं काम आम्ही बिघडवू?"

"बिघडलंय, मावशी." बाईंनी कागद पुढे सरकवले. "तिसांतल्या एकीनंही सांगितलेलं ऐकलं नाही."

मावशींनी पदर खोचला. "करून दाखवते. कुठे चुकतं ते तुम्हीच सांगा."

बाईंनी चूक टिपायला पेन उघडलं.

मावशींनी हात धुतले, कोरडे केले. निळ्या ट्यूबमधलं वाटाण्याएवढं मलम डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या तळव्यानं, बोटांत बोटं गुंफत, त्या ते सावकाश जिरवू लागल्या.