बासष्ट बाटल्यांची यादी

"डिस्क चांगली हाये, काका," नियाज म्हणाला, आणि पंजाबरावांचा चेहरा एकदम उजळला. शेजारी बसलेल्या चतुराबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला.

दर्यापूरच्या एसटी स्टँडमागे नियाजचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. मशीन चांगली निघाली म्हणून रडणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. नवराबायको सकाळीच जीपनं आली होती, सीपीयू जुन्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन.

"काकू, रडून काहून राहिल्या?"

"मशीन चांगली हाये म्हन्जे याहिचं डोकं गेलं ना बाप्पा!"

"जाऊ दे गेलं तं," पंजाबराव म्हणाले. "यादी तं राह्यली."

ती यादी देशी कपाशीच्या बासष्ट जातींची. गावोगाव बीटीचं विकतचं बी आलं आणि या जाती शेतांतून गेल्या त्या गेल्याच. उरल्या फक्त पंजाबरावांच्या फळीवर, काचेच्या बाटल्यांत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कसर खाऊन टाकायची, म्हणून त्यांनी ऑइलपेंटनं नुसते नंबर घातले. कोणत्या नंबरात कोणती जात, कोणत्या गावची, कमी पाण्यात तगते की नाही, खारपाणातल्या खारट जमिनीत टिकते की नाही, हे सगळं पुतणीनं कंप्युटरवर चढवून दिलं. दरसाल थोड्या थोड्या बाटल्यांतली सरकी पेरायची आणि नवी भरून ठेवायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. यंदा खारपाणपट्ट्यातल्या चंद्रभाननं बी मागितलं. यादीत पाहून पंजाबरावांनी एकवीस नंबर दिला. झाडं गुडघ्याएवढी झाली आणि जळाली. म्हातारा चळला, एका बाटलीतलं दुसरीत भरते, असं चंद्रभान चारचौघांत बोलला.

"मी चुकलो असन तं एक बाटली चुकली," पंजाबराव नियाजला म्हणाले. "मशीन चुकली असन तं बासष्ट गेल्या. समजलं तुले? मी चुकलो तेच बरं हाये."

"मूळ रजिस्टर असन ना घरी?"

"होतं. त्याच्याच पानाच्या पुड्या बांधून बी वाटलं लोकाईले. कंप्युटरात हाये म्हनलं, कागद काहून वाया घालू?"

नियाज पुन्हा सीपीयूकडे वळला. "एक पाहायचं राह्यलं," तो म्हणाला. "रॅम."

डिस्क मरायला लागली की कुरकुर तरी करते. रॅमचं तसं नाही. यादी उघडली की ती आधी रॅममध्ये येते आणि काही भर घालून जतन केली की तिथून परत डिस्कवर जाते. रॅम नासली असेल तर ही बया चांगलं उचलते, वाईट ठेवते आणि तोंडातून ब्र काढत नाही. नियाजनं चाचणी लावली. दोन वाजता भारनियमनात लाइन जाणार होती, तोवर उरकायला हवं होतं. निळ्या पडद्यावर आकडे पळू लागले. चतुराबाई हात जोडून बसल्या.

अकराव्या मिनिटाला बिघाडाची लाल ओळ आली. मग दुसरी, मग भराभर दहा-बारा.

नियाजनं रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरनं घासली, परत बसवली. अर्धं दर्यापूर या खोडरबरवर चालतं. चाचणी पुन्हा लावली. पुन्हा लाल. मग त्यानं आपल्याजवळची नवी पट्टी घातली. एकही लाल ओळ आली नाही.

"सीडी करून ठेवली होती का?"

"दर दिवाळीले. दोन झाल्या," असं म्हणत पंजाबरावांनी पिशवीतून दोन सीड्या काढल्या.

नियाजनं त्या आपल्या मशीनवर लावल्या. आताच्या यादीत एकवीस नंबरला असलेली खारपाणात टिकणारी जात मागच्या दिवाळीच्या सीडीत पंचवीस नंबरला होती, त्याच्या आधीच्या सीडीत पासष्टला. बाटल्याच मुळात बासष्ट. त्यानं आणखी चार-पाच जाती ताडून पाहिल्या. कुठे दोनाचा सहा झालेला, कुठे एकाचा नऊ.

"ही मशीन नवी घेतली होती का, काका?"

"नाई. अमरावतीचा एक क्लास बंद पडला, त्याहिची घेतली."

"म्हन्जे पह्यल्या दिवसापासूनच बिघडेल होती. कोन्ती यादी खरी, आता नाई सांगता येत."

"म्हन्जे याहिचं डोकं चांगलं हाये?" चतुराबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मी म्हनत नोयती? आता सांगतो मी त्या चंद्रभानले!" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. नियाजला कळेना, काकूंचं ऐकून खूश व्हावं की म्हाताऱ्याकडे पाहावं. त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"पेरून नाई का ओळखू येत?" त्यानं विचारलं.

"फूल-पान पाहून दहा-पंधरा ओळखीन," पंजाबराव म्हणाले. "बाकीच्याईचं काय करू? खारपानात टिकते, हे काय फुलावर लिहेल असते? ज्या गावातून आनली, तिथं जे पेरत होते, ते मानसंई आता नाई राहिले रे. पंचवीस वर्सं फिरलो मी. सारं माती झालं."

नियाजनं उगाच सीपीयूचे स्क्रू आवळले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आता बिघाड नाई, काका. आता जे लिहान ते तसंच राहीन."

"लिहा ना वो," चतुराबाई म्हणाल्या. "आठवा हळूहळू. डोकं चांगलं हाये तुमचं, आताच सांगतलं ना यानं."

"चांगलं हाये," पंजाबराव म्हणाले. "म्हनूनच तं समजून राह्यलं, काय गेलं ते."