दरवानाचा दर

"चाचा, तुमी दरवान ना? मंग दर सांगा."

बंद फाटकासमोर उभ्या बसंतीबाईनं विचारलं आणि तिच्यामागची कापसाच्या गाड्यांची रांग खो-खो हसली. गुलाम नबीनं कपाळाला हात लावला. दिग्रसच्या त्या जिनिंगच्या फाटकावर त्याची हयात गेली होती, आणि हा प्रश्न दर हंगामात कोणीतरी विचारायचंच.

"बाई, दर म्हंजे भाव नाही. फारसीत दर म्हंजे दार. दार सांभाळते तो दरवान. माह्या दादानं सांगतलं मले."

"तुमची फारसी राहू द्या. आत फळ्यावर 'आजचा दर' लिवते का नाही? त्या दरापाशी उभा राह्यते, तो दरवान."

रांग पुन्हा हसली, पण हसू टिकलं नाही. त्या वर्षी कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. फाटकाबाहेर मोटरसायकलला टेकून एक खासगी खरेदीवाला उभा होता. आवार भरलं, आज काटा होत नाही, मले देऊन मोकळे व्हा, असं तो गाडीगाडीला सांगत फिरत होता. भाव असा सांगायचा की ऐकणारा खालीच बघायचा. तरी काही गाड्या त्याच्याकडे वळल्या होत्या.

आवार भरलं नव्हतं. पत्र्याच्या फाटकामागे सगळं मोकळं पडलं होतं. फाटक उघडायचं नाही, असं मॅनेजरनं गुलाम नबीला सकाळीच बजावलं होतं. मोटरसायकलवाला मॅनेजरचा साळा होता.

बसंतीबाईनं बैलांचा कासरा हातात घेतला. "वापस न्याले घरी जागा नाही, चाचा. त्यालेच देतो आता. काय करता?"

हे तिनं हसत म्हटलं नाही.

गुलाम नबीनं बंद फाटकाकडे पाहिलं. ही नोकरी गेली, तर या वयात त्याच्या हाती कोणी काठीसुद्धा देणार नव्हतं.

"थांब जरा," तो म्हणाला.

त्यानं अडणा काढला. फाटक एवढं करकरलं की बैलांनी कान टवकारले. "मले दर ठाऊक नाही, बाई. आत जाऊन सोताच पाहा."

तिची गाडी आत शिरली. मागोमाग दुसरी, तिसरी. वळलेल्या गाड्याही परत फिरल्या. चहाची बशी हातात घेऊनच मॅनेजर धावत आला. पण मोकळ्या आवारात उभ्या एवढ्या लोकांसमोर आवार भरलं म्हणायची सोय उरली नव्हती. तो गुलाम नबीच्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाला, "तुले दरवान कायले ठेवलं बे? फाटक बंद ठेवाले ना?"

गुलाम नबीनं आणखी एका गाडीला काट्याकडची वाट दाखवली. मग शांतपणे वळला.

"बंदच ठेवाचं असतं साहेब, तं तुमी तिथं भिंत बांधली असती."