तिघंच झेपतात

शिवणकाम करणाऱ्या माईंकडे तीन मांजरं होती. बहिणीनं चौथं पिल्लू आणलं, तेव्हा माईंनी हात जोडले. "अगं, तिघांचंच सगळं निगुतीनं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

बहीण पिल्लू घेऊन परत गेली.

दुपारी तिन्ही मांजरं खिडकीत ओळीनं पेंगत होती. फरशीवर त्यांच्या सावल्या पडल्या होत्या. चार.

चौथीनं सावकाश आळोखेपिळोखे दिले. माईंना भीती वाटली नाही, उलट डोळे जड झाले. "बाई गं, मला तिघंच झेपतात," त्या पुटपुटल्या.

तशी थोरली मांजर उठली, माईंकडे एकदा बघून दारातून निघून गेली. माईंना हाक मारायची होती, पण ओठ हलेनात.

खिडकीत दोन मांजरं उरली. फरशीवर सावल्या तीन.

संध्याकाळी माईंनी सवयीनं तीन वाट्यांत दूध ओतलं. तिन्ही वाट्या चाटूनपुसून साफ झाल्या.