दाराला कळेल असं इंग्लिश

"गुड मॉर्निंग सर, वेलकम," नाथाजी पाचव्यांदा म्हणाला आणि काचेचं दार पाचव्यांदा जागचं हललं नाही.

फरशी पुसणारी राहीबाई बादली घेऊन जिन्याखाली उभी राहून बघत होती. पाचगणीच्या त्या हॉटेलात नाथाजी बारा वर्षं हातानं दार उघडत आला होता. चार दिवसांपूर्वी मालकांनी, म्हणजे बाळासोंनी, पुण्याहून आपोआप सरकणारं दार आणून बसवलं आणि त्याला सांगितलं, "नाथाजी, दाराचं काम आता दारच करंल. तुमी बोलायचं काम करा. इंग्लिशमधनं." सोमवारी दहाला परदेशी पाहुणा येणार होता. त्याच्याशी धड बोलता आलं तर नोकरी, नाहीतर गावाकडची, मेढ्याची एसटी.

आज सोमवार होता. पावणेदहा वाजले होते.

दार बसवणाऱ्या फिटरनं जाताजाता नाथाजीला सांगितलं होतं, की या दाराला फक्त इंग्लिश कळतं. सांगताना फिटर हसलासुद्धा नाही. नाथाजीला ते लगेच पटलं. तो पलटणीत होता तेव्हा साहेब लोक इंग्लिशमध्ये दोन शब्द बोलले, की दोनशे माणसं हलायची. एका दाराची काय कथा.

खरं तर दाराच्या कपाळावरच्या डबीला कान नव्हते. समोर काही हललं, की दार सरकायचं, एवढंच. राहीबाईला हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण दार तिच्या पोछ्यालाही उघडायचं. काल त्यातून एक कुत्रं आत आलं. नाथाजी म्हणाला, इंग्लिश बोर्डिंग शाळेतलं असंल. आणि इंग्लिश बोलताना तो स्वतः सावधानमध्ये उभा राहायचा. पापणीही हलायची नाही.

राहीबाई फरशी पुसत पुसत दाराशी आली. दार उघडलं.

नाथाजीचं तोंड उतरलं. "तू तर काय बोललीबी न्हाईस."

सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण बारा वर्षं मुकाट्यानं दार उघडणारा हा माणूस चार दिवसांपासून बोलायला लागला होता, आणि दहाला आता दहाच मिनिटं कमी होती.

"मी मनात म्हणले," ती म्हणाली.

हिचं मनातलंसुद्धा कळतं आणि आपलं मोठ्यानं म्हटलेलं कळत नाही, हे त्याला फार लागलेलं दिसलं. तेव्हा तिनं बादली खाली ठेवली आणि त्याला समजावलं, की आवं भाऊ, शब्द तुमचं बरोबर हायेत, उभं राहणं चुकतंय. दारात पाहुणा आला म्हटल्यावर माणूस एक पाऊल पुढं होतं, हात करतं, मान हलवतं. खांब बोलला तर दारानं तरी का ऐकावं. नाथाजी पुढं झाला, हात केला, वाक्य म्हणाला. दार सरकलं. त्यानं आणखी सहा वेळा म्हणून पाहिलं. सहाही वेळा पास.

दहाला टॅक्सी आली. शाळेतल्या नातवाला भेटायला आलेला एक गोरा म्हातारा काठी टेकत पायऱ्या चढला. बाळासो काउंटरमागं हाताची घडी घालून बसले होते. नाथाजी पुढं झाला, हात केला, दार सरकलं, वाक्यही झालं.

"गुड मॉर्निंग," म्हातारा म्हणाला. "अँड युवर नेम?"

नाथाजी जागच्या जागी थिजला. दार कधी उलट बोललं नव्हतं. बाळासोंनी घड्याळाकडं पाहिलं. राहीबाईला भिंतीत शिरावंसं वाटलं.

मग नाथाजीच्या टाचा आपोआप जुळल्या.

"नंबर टू सेव्हन फाइव्ह डबल थ्री वन एट, नायक नाथाजी शेलार, सर."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नीट पाहिलं. काठी बगलेत मारली, टाचा जुळवल्या आणि स्वतःचा नंबर सांगितला. मध्ये एकदा चुकला. पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

काउंटरमागं बाळासो कधी उभे राहिले, ते त्यांनाही कळलं नाही.

एक आत, एक बाहेर, दोघं एकमेकांकडं बघत इतके ताठ उभे होते, की तिथं कुणी आहे हेच दाराला दिसेना. ते दोघांच्या मधून हळूहळू मिटायला लागलं.

राहीबाईनं लांबूनच पोछा हलवला.